कुट्टनाडच्या बांधावर शिकलेले उणे-अधिक

आमची धाकटी गेल्या वर्षी सहावीत होती. पहिल्या घटक चाचणीत तिला मराठीत चांगले गुण पडले, भूगोलात पडले. गणितात मात्र वीसपैकी सात. तो पेपर तिने घडी करून दप्तराच्या तळाशी ठेवला होता. तिची आई डबा काढायला गेली तेव्हा तो हाती लागला. पूर्णांक संख्यांची बेरीज-वजाबाकी होती. दहा उदाहरणांपैकी आठांवर लाल फुली.

रात्री जेवणे झाल्यावर मी पेपर घेऊन बसलो. एक उदाहरण होते: १ − (−२). पोरीने उत्तर लिहिले होते −१. दुसरे होते: −२ − ३. त्याचे उत्तर तिने लिहिले होते अधिक ५.

मी म्हणालो, "अगं, सरांनी नियम सांगितला असेल ना?"

ती म्हणाली, "सांगितला. दोन उणे एकत्र आले की अधिक होतं. पाठ पण केलाय. पण पप्पा, तो कुठे लावायचा ते कळत नाही. इथे दोन उणे दिसले म्हणून अधिक केलं, तर चूक. तिथे नाही केलं, तर ते पण चूक."

मग तिने विचारले, "आणि दोन उणे मिळून अधिक होतंच कसं?"

वाचकहो, मला उत्तर देता आले नाही. मी दहावी पास. रेल्वेत ट्रॅकमन आहे. बावीस वर्षे रूळ, गिट्टी आणि स्लीपर यांच्यात गेली. मी तिला म्हणालो, "सरांनी सांगितलं तसं कर." बोललो आणि माझे मलाच वाईट वाटले. आपल्या आईबापांनी पोटाला चिमटा काढून आपल्याला शिकवले. आणि आपली पोर "का" म्हणून विचारते तेव्हा आपण तिला "पाठ कर" म्हणतो.

दुसऱ्या दिवशी गँगमध्ये हा विषय निघाला. आमच्या गँगमध्ये केरळचे एक ज्येष्ठ सहकारी आहेत. त्यांना आम्ही सारे चेट्टा म्हणतो. त्यांच्या भाषेत मोठ्या भावाला तसे म्हणतात. ते हसले आणि म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीत पोरीला घेऊन आमच्या कुट्टनाडला या. मीही तेव्हा गावी आहे. तिथे उणे आकडा पायाखाली दाखवतो."

आमचा एक फॅमिली पास शिल्लक होता. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघे कुर्ल्याच्या टर्मिनसवरून कोकण रेल्वेने निघालो. शिदोरीला भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी आणि शेंगदाण्याचे लाडू. पोरीने खिडकी पकडली.

पनवेल सुटले आणि तिची नजर स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गेली. नावाच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेले असते: समुद्रसपाटीपासून उंची इतके मीटर. आपण शंभर वेळा त्या पाटीखालून जातो, पण वाचत नाही. तिने विचारले, "हे कशाला लिहितात?"

हे मात्र मला ठाऊक होते. मी सांगितले, की रूळ टाकण्याआधी सगळ्या वाटेची उंची मोजावी लागते. चढ किती, उतार किती, यावर इंजिनाने किती डबे ओढायचे ते ठरते. आपल्या कसारा-इगतपुरी घाटात ३७ मीटर पुढे गेले की गाडी १ मीटर वर चढते. एवढ्या चढाला एक इंजिन पुरत नाही, म्हणून मागून बँकर इंजिन लावतात. तरुणपणी मी स्वतः लेव्हलची पट्टी धरून उन्हात उभा राहिलो आहे. साहेब लांबून दुर्बिणीतून पट्टीवरचा आकडा वाचायचे आणि वहीत लिहायचे. त्याचा अर्थ मला कुणी सांगितला नाही आणि मीही विचारला नाही.

पोरीने वही काढली. गाडी थांबेल त्या स्टेशनचा आकडा ती लिहू लागली. पुढचे स्टेशन आले की मागच्या आकड्याशी वजाबाकी. आकडा वाढला तर "अधिक" आणि घटला तर "उणे". थोड्या वेळाने शेजारच्या बाकावरची दोन मुलेही खेळात आली. चढलो की बोट वर, उतरलो की बोट खाली.

संध्याकाळी रत्नागिरीच्या अलीकडे-पलीकडे पाहत असताना पानवल नदीचा पूल आला. हा पूल ६४ मीटर उंच आहे. खाली पाहिले तर झाडे गवतासारखी दिसतात. पोर म्हणाली, "म्हणजे समुद्रापासून ६४?" मी म्हणालो, "नाही. पुलाची उंची खालच्या नदीच्या पात्रापासून सांगतात. स्टेशनची उंची समुद्रापासून." ती म्हणाली, "म्हणजे शून्य वेगवेगळ्या जागी?" मी हो म्हणालो खरा, पण तिने केवढी मोठी गोष्ट विचारली, ते मला तेव्हा कळले नाही.

रात्री झोपण्यापूर्वी तिने वही मिटली आणि म्हणाली, "पप्पा, एवढी स्टेशनं झाली, पण उणे आकडा एकाही पाटीवर नाही."

मी म्हणालो, "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी आम्ही आलप्पुळ्याला, म्हणजे जुन्या अलेप्पीला, उतरलो. चेट्टा स्टेशनवर घ्यायला आले होते. लोक तिथे हाऊसबोटीत बसायला जातात. त्या आपल्या खिशाच्या नव्हेत. पण केरळ सरकारच्या जलवाहतूक खात्याच्या प्रवासी बोटी आहेत. आपल्या एस.टी.सारख्याच. थोडक्या पैशांत तिकीट, लाकडी बाके, शाळेची मुले, टोपल्या घेतलेल्या बाया, आणि थांब्या-थांब्यावर चढउतार. आम्ही त्या बोटीत बसलो.

बोट कालव्यातून निघाली. दोन्ही बाजूंना मातीचे बांध. बांधावर नारळाची झाडे आणि लहान लहान घरे. थोडा वेळ आम्हाला वेगळे काही दिसले नाही. मग बांधावरची झाडी एका ठिकाणी विरळ झाली, आणि पोर उभीच राहिली.

"पप्पा! शेत खाली आहे!"

खरेच. आमची बोट ज्या पाण्यावर तरंगत होती, ते पाणी वर. आणि बांधापलीकडची भाताची जमीन त्याहून खाली. आपल्याकडे नदीचे पाणी शेतात न्यायला मोटा आणि पंप लावावे लागतात. इथे पाणी डोक्याच्या वर उभे आणि मधे फक्त मातीचा बांध.

कुट्टनाड हा वेंबनाड तलावाच्या काठचा सखल प्रदेश. इथे समुद्रसपाटीच्या खाली सुमारे चार ते दहा फूट, म्हणजे साधारण १ ते ३ मीटर, खोलीवर भातशेती होते. जगाच्या अन्न आणि शेती संघटनेने २०१३ साली या शेतीपद्धतीला जागतिक महत्त्वाचा शेतीवारसा म्हणून मान्यता दिली. बांधाने वेढलेल्या शेतांच्या एका गटाला तिथे पाडशेखरम म्हणतात. पावसाळ्यात ही शेते पाण्याखाली जातात. पाऊस ओसरला की त्या गटातले शेतकरी मिळून पंपाने पाणी उपसतात, तळ उघडा करतात, आणि त्यात भात पेरतात. मार्चच्या सुमारास कापणी.

आम्ही गेलो तेव्हा उपसा चालू होता. चेट्टांच्या बहिणीचे घर बांधावरच आहे. तिथे उतरून आम्ही बांधावरून चालत गेलो, तर एके ठिकाणी नवलच दिसले. बांधाच्या डाव्या हाताला पाडशेखरम अजून काठोकाठ पाण्याने भरलेले. उजव्या हाताचे उपसून रिकामे झालेले. खाली काळाभोर चिखल. बांध एकच, रुंदी बैलगाडी जाईल एवढी. एका बाजूला आकडा शून्य, दुसऱ्या बाजूला उणे दोन.

चेट्टांनी बांधावर काडीने उभी रेघ ओढली. मधे एक आडवी खूण केली. "हे समुद्राचं पाणी. शून्य. वर अधिक, खाली उणे. आपण उभे आहोत तो बांध पाण्याच्या १ मीटर वर धर. शेत २ मीटर खाली. आता मला बांधावरून शेतात उतरायला शिडी करायची आहे. किती मीटरची करू?"

पोरीने लिहिले: बांध उणे शेत. १ − (−२). मग तिचा हात थांबला. हेच ते पेपरातले उदाहरण.

"उणे एक," ती हळूच म्हणाली.

तिची आई तोपर्यंत गप्प होती. तिने कधी पूर्णांक शिकलेले नाहीत. ती सातवीपर्यंत शिकली, मग लग्न झाले. ती म्हणाली, "उणे एक मीटरची शिडी कुठल्या दुकानात मिळते गं?"

सगळे हसलो. पोरही हसली. मग तिने रेघेकडे पाहिले आणि बोटाने मोजले. बांधापासून पाण्याच्या खुणेपर्यंत एक. खुणेपासून शेतापर्यंत दोन. "तीन!" ती ओरडली. "शिडी तीन मीटरची पाहिजे. एक वरचा आणि दोन खालचे. वजाबाकी करताना ते मिळवावेच लागतात, कारण शेत शून्याच्या पलीकडच्या बाजूला आहे."

१ − (−२) = १ + २ = ३.

वाचकहो, "दोन उणे मिळून अधिक" याचा अर्थ मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी एका बांधावर कळला. वजाबाकी म्हणजे दोन जागांमधले अंतर विचारणे. एक जागा शून्याच्या वर आणि दुसरी खाली असेल, तर दोन्ही अंतरे मिळवल्याशिवाय शिडी पुरत नाही. त्यात जादू नाही आणि पाठ करण्यासारखेही काही नाही.

मग दुसरे चुकलेले उदाहरण घेतले. −२ − ३. चेट्टा म्हणाले, "तू शेतात उभी आहेस, उणे दोनवर. तिथे विहिरीसाठी आणखी ३ मीटर खणलंस. कुठे पोचलीस?" ती म्हणाली, "उणे पाच." "पेपरात काय लिहिलं होतंस?" "अधिक पाच." मग स्वतःच म्हणाली, "म्हणजे खड्डा खणता खणता मी नारळाच्या झाडावर गेले होते!"

इथे फरक काय, तो तिने आईला समजावून सांगितला. "आई, १ − (−२) मध्ये दोन जागा आहेत आणि त्यांच्यातलं अंतर विचारलंय. −२ − ३ मध्ये मी एका जागेवर आहे आणि आणखी खाली जातेय. दोन उणे दिसले म्हणजे दोन्हीकडे तेच करायचं असं नाही."

आम्ही बांधावर बसून आणखी उदाहरणे केली. सगळी शेते सारखी खोल नाहीत. एक शेत −१ वर, दुसरे −३ वर. उथळ शेत खोल शेताहून किती उंच? −१ − (−३) = २. उलट विचारले तर −३ − (−१) = −२; म्हणजे उथळ शेतातून खोल शेतात जायला दोन मीटर उतरावे लागेल. केरळचेच आनमुडी शिखर २,६९५ मीटर उंच आहे. तिथून या शेतापर्यंतचा उतार किती? २,६९५ − (−२) = २,६९७ मीटर. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. कळसूबाईवरून इथपर्यंत १,६४८.

दुपारी चेट्टांच्या बहिणीच्या घरी जेवण झाले. लाल तांदळाचा भात, मासळीचे कालवण, कप्पा म्हणजे उकडलेले टॅपिओकाचे कंद. घरात त्यांच्या सासूबाई होत्या. ऐंशीच्या पुढच्या. पोर वहीत काय लिहिते, ते त्यांनी विचारले. चेट्टांनी समजावून सांगितले. मग त्या बोलू लागल्या, आणि चेट्टा आम्हाला हिंदीत सांगू लागले.

त्यांचे वडील पाणी उपसायच्या चाकावर काम करायचे. पंप आले त्याच्या आधी पाती लावलेले मोठे लाकडी चाक असे. त्याला चक्रम म्हणत. माणसे बसून पायाने ते चाक फिरवीत. एकेक पाय, एकेक पाते, आणि पाणी बांधाबाहेर. रात्रंदिवस पाळ्या लावून. पाय थांबले की पाणी पुन्हा वर.

आणि मुळात हे बांध घातले कुणी? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा तलाव टप्प्याटप्प्याने अडवला गेला. १९४० च्या दशकात, महायुद्धामुळे ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला आणि अन्नाची टंचाई पडली, तेव्हा चित्तिरा, मार्तंडम आणि राणी अशी राजघराण्यातल्या नावांची मोठमोठी शेते तलावातून काढण्यात आली. नारळाचे खोड तलावाच्या तळात ठोकायचे, दोन रांगांमध्ये बांबूच्या ताट्या लावायच्या, आणि मजुरांनी पाण्यात बुडी मारून तळाची चिकणमाती वर आणून त्यात भरायची. जमीनदारांची आणि राजांची नावे त्या शेतांना लागली. बुडी मारणारे बहुतेक पुलय समाजाचे होते. चेट्टांचे घराणेही त्यांच्यातलेच.

पुलय म्हणजे त्या मुलखात अस्पृश्य मानलेले शेतमजूर. एके काळी त्यांची जमिनीबरोबर खरेदी-विक्री होत असे. त्रावणकोर संस्थानात गुलामगिरी कायद्याने बंद झाली १८५५ साली. पण शाळेचे दार त्यानंतरही बंदच होते. याच समाजात १८६३ साली वेंगानूर येथे अय्यंकाळी यांचा जन्म झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी दक्षिण त्रावणकोरात शेतमजुरांचा संप घडवून आणला. आमच्या मुलांना शाळेत घेत नाही तोवर आम्ही शेतात उतरणार नाही, ही त्यांची मागणी होती. मजुरीसाठी संप झालेले आपण पुष्कळ ऐकतो. पोरांच्या शाळेसाठी पोटावर पाय देऊन केलेला हा संप आपल्या घराघरांतून मुलांना सांगितला पाहिजे.

ती म्हातारी आजी पोरीची वही हातात घेऊन बराच वेळ पाहत होती. आकडे आपल्यासारखेच नसले तरी रेघ तिला कळली. तिने बोट ठेवले ते शून्यावर नव्हे, उणे दोनवर. म्हणाली, "इथे आम्ही उभे राहायचो."

मला वाटले, की शून्याच्या खाली दोन मीटर पाय रोवून ज्यांनी आयुष्य काढले, डोक्यावरचे पाणी पायाने मागे लोटले, त्यांच्याहून हा आकडा जास्त कुणाला कळला असेल? फक्त तो कागदावर लिहायला त्यांना कुणी बसू दिले नव्हते. आपल्या पोरांना आज बसायला मिळते. मग ती बाकावरून "मला गणित जमत नाही" म्हणून उठून जाणार असतील, तर ते आपण कसे चालवून घ्यायचे?

आजीने भिंतीवरची एक खूण दाखवली. ऑगस्ट २०१८ च्या महापुराची. त्या पुरात जवळजवळ सारे कुट्टनाड पाण्याखाली गेले. बोटींतून माणसे काढून छावण्यांत नेली. शेत उणे दोनवर; पाणी तिथून ३ मीटर चढले तर −२ + ३ = १, म्हणजे बांधाच्या माथ्याला. त्याहून वर गेले की घरात. पोरीने ते उदाहरण वहीत लिहिले, पण या वेळी कुणी हसले नाही. खिडकीच्या चौकटीजवळची ती मातकट रेघ आणि वहीतला अधिक एक हे एकाच गोष्टीचे दोन आकडे होते.

परतीच्या प्रवासात पोरीने पुन्हा प्रश्न काढला. "पप्पा, समुद्राला तर भरती-ओहोटी असते. पाणी वर-खाली होतं. मग शून्य नेमका कुठला?"

याचे उत्तर मी घरी आल्यावर आमच्या विभागातल्या एका इंजिनिअर साहेबांना विचारले. त्यांनी नीट बसवून सांगितले. बंदरावर समुद्राची पातळी वर्षानुवर्षे नोंदतात आणि तिची सरासरी काढतात. आपल्या देशात मुंबई, कोची, मद्रास अशा नऊ बंदरांच्या नोंदींवरून १९०९ मध्ये हा शून्य पक्का करण्यात आला. त्याच्यावरून देशभरातल्या उंच्या मोजल्या गेल्या. स्टेशनच्या पाट्यांवरचा शून्य तो हाच.

पण पावसाळ्यात वर्तमानपत्रात येते ना, "आज साडेचार मीटरची भरती"? तो शून्य वेगळा. जहाजांना पाणी कमीत कमी किती खोल आहे ते कळावे, म्हणून बंदराचा शून्य मोठ्या ओहोटीच्या पातळीजवळ धरतात. मुंबईत तो सरासरी समुद्रपातळीच्या सुमारे अडीच मीटर खाली आहे. म्हणजे साडेचार मीटरची भरती स्टेशनच्या पाटीच्या हिशेबाने ४.५ − २.५ = २ मीटर. आणि अर्ध्या मीटरची ओहोटी ०.५ − २.५ = −२ मीटर.

पोरीने दोन्ही शून्यांनी भरती-ओहोटीतला फरक काढला. बंदराच्या शून्याने ४.५ − ०.५ = ४. पाटीच्या शून्याने २ − (−२) = ४. दोन्हीकडे चारच! शून्य कुठेही धरा, पाणी चढते तेवढेच चढते. फक्त एकाचा शून्य आणि दुसऱ्याचा आकडा अशी सरमिसळ केली की घोटाळा.

आपल्या सखल वस्त्यांतल्या माणसाला हे नुसते शाळेचे गणित नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ते पाणी आपण सगळ्यांनी छातीपर्यंत पाहिले आहे. नाल्याचे तोंड भरतीच्या पाण्याखाली गेले की नाला समुद्रात पडत नाही, उलट मागे सरतो. आपल्या चाळीचा उंबरठा भरतीच्या किती वर आहे, दोन मीटर की दोन वीत, हा वजाबाकीचा प्रश्न आहे. ती वजाबाकी आपल्या पोरांना यायला हवी. उद्या नाल्याच्या कामाचा नकाशा समोर आला तर त्यावरचे आकडे आपल्यापैकी कुणीतरी वाचले पाहिजेत.

हे सारे तिच्याशी बोलताना मला माझेच काम आठवले. मोठा पाऊस लागला की आम्हाला रुळावर पाण्याची राखण करावी लागते. आमचा शून्य म्हणजे रुळाचा माथा. मी वायरलेसवर कळवतो, "पाणी रुळाखाली दोन इंच." थोड्या वेळाने, "रुळावर चार इंच." पाणी ठरलेल्या मर्यादेवर गेले की गाड्या थांबवतात. पाणी किती चढले? ४ − (−२) = ६ इंच. मी बावीस वर्षे हे उदाहरण रात्री-अपरात्री, बॅटरीच्या उजेडात, गुडघाभर पाण्यात उभा राहून बरोबर सोडवत आलो आहे. चुकलो असतो तर भरलेल्या गाडीचा प्रश्न होता. आणि तेच उदाहरण पोरीने वहीत दाखवले तेव्हा मी म्हणालो होतो, पाठ कर.

आपल्या घरांतून असे किती जण असतील. गवंड्याचा शून्य जोत्यावर असतो. बचत गटाच्या ताईचा शून्य हिशेबाच्या वहीत असतो. कुणाचे देणे, कुणाचे घेणे. लिफ्ट चालवणाऱ्याचा शून्य तळमजल्यावर असतो. तळघर दोन मजले खाली म्हणजे उणे दोन. मुलांना गणित शिकवायला आपण कमी शिकलेले आहोत असे समजू नका. आपल्या कामातला शून्य त्यांना दाखवा.

घरी मुलांना बसवून करायला खालची उदाहरणे देत आहे. प्रथम उभी रेघ ओढा, शून्याची खूण करा, मग आकडे मांडा.

१) एव्हरेस्ट शिखर ८,८४९ मीटर. मृत समुद्राचे पाणी समुद्रसपाटीच्या सुमारे ४४० मीटर खाली. दोन्हींत उंचीचा फरक किती?

२) अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात व्हिटनी शिखर ४,४२१ मीटर उंच, आणि त्याच राज्यातले बॅडवॉटर हे ठिकाण ८६ मीटर खाली. फरक किती?

३) बॅडवॉटर −८६ आणि मृत समुद्र −४४०. उंचावर कोण, आणि किती मीटरने?

४) मृत समुद्राची पातळी दरवर्षी सुमारे १ मीटर घटते आहे. आज −४४० धरले तर दहा वर्षांनी किती? हा आकडा मोठा झाला की लहान?

५) पाणी रुळाखाली ३ इंच होते. ७ इंच चढले. आता कुठे आहे? मग ६ इंच उतरले. आता कुठे आहे?

उत्तरे: १) ९,२८९ मीटर. २) ४,५०७ मीटर. ३) बॅडवॉटर, ३५४ मीटरने. ४) −४५०; संख्या लहान झाली, खोली वाढली. ५) रुळावर ४ इंच, मग रुळाखाली २ इंच.

दिवाळीनंतरच्या चाचणीत पोरीला वीसपैकी सोळा मिळाले. चार गुण गेले ते एका शाब्दिक उदाहरणात. इमारतीचे मजले दिले होते, आणि तळमजला शून्य धरायचा की एक, ते सांगितलेलेच नव्हते. तिने उत्तराच्या खाली पेन्सिलीने लिहिले होते: "सर, शून्य कुठला धरला?"

सरांनी गुण दिले नाहीत. पण पुढच्या तासाला तो प्रश्न फळ्यावर घेतला, असे ती सांगत होती. आता ती घरात मलाही सोडत नाही. परवा मी म्हणालो, "चाळीपासून स्टेशन दहा मिनिटं." ती म्हणाली, "पप्पा, चाळीच्या कुठल्या टोकापासून?"